बिनसुपारीची गाणी

माझ्या स्टुडिओचं वर्ष पंचांगावर चालतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये भीमगीतांची गर्दी, कारण १४ एप्रिलच्या आत गाणं चौकाचौकांतल्या डीजेवर पोचलं पाहिजे. मग लगीनसराई. नवरीच्या एंट्रीचं गाणं, हळदीचं गाणं, शिवाय भावानं बहिणीसाठी म्हटलेलं गाणं, ज्यात रडू खरं असतं आणि सूर माझ्या कॉम्प्युटरचा. आषाढात विठ्ठल, भाद्रपदात गणपती, नवरात्रात माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी, मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा. मध्येच एखाद्या रागी जथ्याचं शबद-कीर्तन येतं. त्या दिवशी खोलीत खरे कान असलेली माणसं बसलेली असतात आणि मला जपून काम करावं लागतं. निवडणूक लागली की मात्र पंचांग गुंडाळून ठेवायचं. एका निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभ्या दोन उमेदवारांची गाणी एकाच चालीवर माझ्याच खोलीत झाली. दोघंही पडले.

ही सगळी गाणी कुणीतरी करायला सांगितलेली असतात. लिहिणारा, गाणारा, ढोलकीवाला, मी, प्रत्येकाला सुपारी पोचलेली असते आणि गाणं कुठे वाजणार हे आधीच ठरलेलं असतं. याची मला लाज वाटत नाही. नांदेडमध्ये रेकॉर्डिंगवर घर चालवायचं तर असंच चालतं, आणि सांगून केलेल्या गाण्यांतही कधीकधी असं काही निघतं की मी रात्री एकटा पुन्हा लावून ऐकतो.

त्यामुळे लातूरहून एका मुलीचा फोन आला, तेव्हा मी नेहमीचाच प्रश्न विचारला: “कार्यक्रम कधी आहे?”

“कार्यक्रम नाही दादा. नऊ गाणी आहेत. शब्द माझे, चाली माझ्या. अल्बम करायचाय.”

“लातुरात स्टुडिओ आहेत की.”

“आहेत. पण इथं सगळे ओळखतात. रेकॉर्डिंगला चालले म्हटलं की कुणाचं लग्न आहे, विचारतात.”

ती एका शाळेत संगीत शिकवायची आणि संध्याकाळी एका ट्यूशन क्लासचे हिशेब लिहायची. नीटच्या तयारीसाठी महाराष्ट्रभरातून पोरं लातूरला येतात, त्यांच्या फीच्या पावत्या फाडून उरलेल्या पैशांतून हा अल्बम होणार होता. शनिवारी दुपारची एसटी धरायची, चाकूर, अहमदपूर, लोहा करत संध्याकाळी नांदेडला उतरायची. मुक्कामाला तरोडा नाक्याजवळची मावशी होतीच. रविवारी रात्री परत.

आपले शब्द, आपली चाल, आपलाच गळा, यात आमच्याकडे नवं काही नाही. उमरीजवळच्या गोरट्याला दासगणू महाराजांची समाधी आहे. त्यांनी आख्यानं रचली आणि स्वतःच कीर्तनात उभं राहून गायिली. वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्यातले, पण मराठवाड्यातलं गाव नसेल जिथे त्यांचं गाणं पोचलं नाही. लिहायचे, चाल लावायचे, गायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. आजच्या भाषेत त्यांना इंडिपेंडंट आर्टिस्ट म्हणावं लागेल, पण त्यांच्यासमोर माणसं आधीच जमलेली असायची. देवासाठी, नाहीतर बाबासाहेबांसाठी. प्रेमाची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्या पोरीसमोर कोण जमणार? पुण्यात संदीप खरे-सलील कुलकर्णींनी 2003 पासून तिकीट लावून कविता ऐकवल्या. पुण्यात ते जमलं. आमच्याकडे तिकीट काढून माणूस तमाशाला जातो, बाकी सगळं फुकट असतं असा समज आहे.

त्यात 2024 मध्ये संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं. जळगावकडच्या या पोरानं स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं गाणं देशभर रील्समध्ये वाजलं. मला त्याचं कौतुक आहे. पण त्यानंतर माझ्या जिन्यावरून वर येणाऱ्या प्रत्येक पोराला तसाच बीट, तसाच रंग आणि तशीच साडी पाहिजे होती. अबोली, मोरपंखी, लिंबू कलर, सगळ्या साड्या करून झाल्या. लातूरच्या त्या मुलीनं पहिल्या शनिवारी मोबाइलवर कच्ची गाणी ऐकवली तेव्हा साडी नाही याचाच मला आधी आनंद झाला. मग लक्ष देऊन ऐकलं.

नऊपैकी सहा गाणी तिच्या आईवडिलांची होती.

औसा तालुक्यातलं तिचं गाव 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात पडलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसं झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती घरं. उन्हाळ्यात गार, आणि त्या पहाटे अंगावर. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिच्या वडिलांची बायको आणि दोन मुलं गेली. तिच्या आईचा नवरा गेला, एक मुलगा, एक मुलगी गेली. दोन अर्धी उरलेली घरं पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये शेजारी शेजारी आली. दीड वर्षानं नातेवाइकांनी पुढाकार घेऊन दोघांचं लग्न लावलं. हार होते, वाजंत्री नव्हती. आईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्या बायकांची लेकरं भूकंपात गेली त्यांच्या नळ्या पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया त्या काळात झाल्या, त्यांत एक तिची आई. भूकंपानंतर तीन वर्षांनी ही जन्मली.

हे तिनं मला एका दमात, फीची पावती वाचून दाखवावी तसं सांगितलं. गाण्यांत यातलं जवळजवळ काही नव्हतं. भूकंप कुठेच नव्हता. एक गाणं शेडमधल्या पावसाचं होतं. एक, वडील बाजारातून बांगड्या आणतात पण माप विचारायला लाजतात, त्यामुळे बांगड्या मोठ्या होतात, त्याचं. एक दवाखान्याच्या बाकड्यावरचं: बाई आत गेलेली, बाप्या बाहेर बसून तिची चप्पल सांभाळतोय. आणि एक वडिलांच्या पहिल्या बायकोला उद्देशून. तिला ती मोठी आई म्हणते. दर पितृपक्षात तिची आई या मोठ्या आईचं पान स्वतः वाढते आणि त्या दिवशी वडलांना जेवायला शेवटी बसवते. हे गाणं ऐकून मी पंखा बंद करायला उठलो. पंखा बंदच होता.

कामाला लागल्यावर पहिली अडचण आली क्लिकची. आमच्या धंद्यात गायकाच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक देतात. सगळी वाद्यं त्या टिकटिकीवर बसतात, मग कापाकापी सोपी जाते. हिला क्लिक दिलं की पहिल्या तीन ओळी बरोबर, चौथीला ती मागे राहायची. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ढोलकीवाला इतवाऱ्यातला, जयंतीच्या मोसमात रात्री चार-चार गाणी वाजवून देणारा वस्ताद. तो म्हणाला, “ताई, ताल सोडून कुठं चालल्या तुम्ही?” ती हसली आणि तिनं मांडीवर हात गोल फिरवून दाखवला. चाली तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांतून निघाल्या होत्या. ओवी साडेतीन चरणांची. शेवटचा चरण अर्धा, आणि तिथे हात दमलेला असतो किंवा मूठ घालायला थांबलेला असतो. तिथे वेळ लांबते. जात्याला क्लिक नसतं.

मग उलट केलं. आधी नुसता गळा आणि हार्मोनियम रेकॉर्ड केली, क्लिकशिवाय. ढोलकीवाल्याला सांगितलं, तू तिच्या मागे चाल. त्याला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी त्यानं शेवटच्या चरणाला ढोलकी सोडून दिली आणि फक्त बोटाचा एक हलका ठोका ठेवला. मी काही बोललो नाही, तोच म्हणाला, “इथं वाजवलं की खोटं वाटतंय राव.”

नांदेडच्या मे महिन्यात हे सगळं चाललं होतं. पारा बेचाळीसच्या वर. ती हळू गाते, माइकच्या अगदी जवळ, म्हणजे कंडेन्सर माइकला ती ऐकू येते आणि रस्त्यावरची ॲपे रिक्षासुद्धा. म्हणून रात्री अकरानंतर पंखा, एसी बंद करून, दार-खिडक्या लावून घ्यायचं. एक टेक झाला की दार उघडून दोघं गच्चीवर पळायचो. त्यात वीज जायची. एका गाण्याचा सगळ्यात चांगला टेक असाच शेवटच्या ओळीत गेला; इन्व्हर्टरनं धरलं नाही. अल्बममध्ये आहे तो त्यानंतरचा, थोडा चिडलेला. बांगड्यांच्या गाण्याला ते चिडणं शोभलं.

पावसाच्या गाण्याला मात्र खरा पाऊस पाहिजे होता, आणि पत्र्यावरचा. इंटरनेटवर पावसाचे आवाज पोत्यानं मिळतात, पण ते सगळे जंगलातले, पानांवरचे. मी माझ्या जिन्यावरचा एक पत्रा खोलला, दोन विटांवर ठेवला, खाली माइक लावला आणि वरून एकेक धान्य टाकून पाहिलं. ज्वारी टाकली की भुरभुर. तांदूळ फार टोकदार. सोयाबीन बरोबर वळवाच्या थेंबासारखं, टपोरं, अंतर ठेवून. पण मूठभर टाकलं की उसळून सगळ्या खोलीत. बायको दारात येऊन उभी राहिली, बाजारभाव काय आहे ते तिनं मला सांगितलं आणि झाडू देऊन गेली. ज्वारी आणि सोयाबीन असे दोन ट्रॅक एकावर एक ठेवून मी पाऊस तयार केला. माझ्या मते झकास होता.

जूनमध्ये तिच्या गावाला गेलो, कारण तिला आईच्या ओव्या आईच्याच आवाजात दोन गाण्यांच्या मधे ठेवायच्या होत्या. भूकंपानंतर जी 52 गावं नव्या जागी बसवली त्यांतलं हे एक. शहरातल्या लेआउटसारखे रुंद सरळ रस्ते, प्लॉटवर एकसारखी काँक्रीटची घरं, आणि त्या घरांना मागून माणसांनी आपापल्या सोयीनं जोडलेले गोठे, न्हाण्या, चुली. जुन्या गावात शेजारचं खोकणं ऐकू यायचं, इथे हाक मारायला रस्ता ओलांडावा लागतो, असं तिचे वडील म्हणाले. रेकॉर्डिंगवाल्याला या घरांचं दुःख वेगळंच. काँक्रीटच्या मोकळ्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो. जुन्या मातीच्या भिंतींनी तो पिऊन टाकला असता. शेवटी घरातल्या झाडून सगळ्या वाकळा बाहेर काढल्या, दोऱ्या बांधून भिंतींवर टांगल्या आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या तोंडी मावशींना, मधे बसवलं.

जातं घरात होतं, पण कोपऱ्यात, वर मिक्सरचं खोकं. ते पुढे ओढलं. रिकामं जातं फिरवायचं नसतं म्हणून मावशींनी ओंजळभर ज्वारी घातली. ओवी सुरू झाली तेव्हा माइककडे त्यांचं लक्षही नव्हतं. पंधरा-वीस ओव्या झाल्यावर थांबून म्हणाल्या, “झालं असंल तर वाकळा काढा, हवा येऊ द्या.” गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. त्यांच्या माणसांनाही किती घरांत असंच ऐकून घ्यावं लागलं असेल.

जेवणं झाल्यावर तिनं आईवडिलांना पावसाचं गाणं हेडफोनवर ऐकवलं. आधी वडिलांना. त्यांनी ऐकलं, हेडफोन काढून ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मग मावशींनी कानाला लावलं. चेहऱ्यावर काही नाही. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “गानं चांगलंय. पन ह्यात पाऊस कुठंय?”

मी म्हटलं, “मावशी, मागं वाजतोय की.”

“मागं वाजतोय. पत्र्यावर पाऊस मागं नसतोय. लागला की शेजारचं मानूस बोललेलं कळत नव्हतं. ह्यांनी काय विचारलं तर मी नुसती मान हलवायची. हो का न्हाई, त्यांनीच ठरवायचं. एवढं नीट ऐकू येतंय म्हंजे पाऊस पडलाच न्हाई.”

लेक माझ्याकडे बघत राहिली. मी कानावर हात ठेवून विचार करत होतो. वीसेक वर्षं मी एकच गोष्ट शिकलो आणि चार पोरांना शिकवली: गळा वर, बाकी सगळं खाली. शब्द कळला नाही तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. लग्नाच्या मंडपात, मिरवणुकीत, प्रचाराच्या जीपवर, कुठेही शब्द कळलाच पाहिजे. हे गाणं मंडपात वाजणार नव्हतं, जीपवरही नाही. मग शब्द कुणासाठी कळायला पाहिजे होता?

नांदेडला येऊन मी ज्वारी-सोयाबीन पुसून टाकलं. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मागच्या गल्लीतल्या एका गॅरेजच्या शेडखाली रेकॉर्डर ठेवून आलो. दुसऱ्या कडव्यात तो पाऊस हळूहळू चढवत नेला, गळ्याच्या वर, हार्मोनियमच्या वर, इतका की तिचे ओठ हलतायत एवढंच कळावं. मग उतरवला तेव्हा ती शेवटच्या ओळीवर पोचलेली होती. मधल्या ओळी कुणालाच ऐकू येत नाहीत. त्या लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला होता आणि त्या तिनं जशाच्या तशा गायल्या आहेत, मला माहीत आहेत. लातूरच्या एका साउंडवाल्या मित्राला ऐकवलं तर म्हणाला, “मिक्स चुकलंय तुझं, व्होकल खाली गेलाय.” म्हटलं, राहू दे.

उरलेल्या तीन गाण्यांत एक तिचं स्वतःचं, आणि अख्ख्या अल्बमात तेच हसवणारं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा टँक, पाच लाख लीटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून 144 कलम लावलं होतं. पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. ती तेव्हा कॉलेजात होती. गाण्यात एक पोरगी आणि एक पोरगा घागरी घेऊन रांगेत रोज भेटतात, आणि दोघांना त्या कलमाचे मनापासून आभार मानायचे आहेत, कारण एरवी मोहल्ला जमला असता. तो पोरगा पुढे पुण्याला गेला. गाण्यात तो जात नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “दादा, गाणं मार्चमध्ये संपतं.”

अल्बम बाहेर काढण्याचं काम कारकुनी आहे, त्यावर फार सांगण्यासारखं नाही. एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडे वर्षाची फी भरायची, प्रत्येक गाण्याला कोड नंबर मिळतो, मग ते सगळ्या ॲपवर चढतं. रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नोंदी करायला मी तिला भाग पाडलं. 2012 च्या कायदा-दुरुस्तीनं लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला रॉयल्टीत हक्काचा वाटा दिलाय, तो सोडायचा कशाला? अर्थात वाटा म्हणजे किती, हेही तिनं हिशेबनीस असल्यामुळे आधीच काढून ठेवलं होतं. स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षभरात हजारदा न वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत. तिची दोन गाणी हजाराच्या वर गेली, एक पाण्याचं आणि एक बांगड्यांचं. पावसाचं नाही. यूट्यूबवर एकानं तिला ‘आवाज कमी येतोय’ असं कळवलं.

पण त्याच गाण्यासाठी फोन आला. उमरग्याकडचा माणूस, मधल्या वयाचा. त्याच्या बहिणीचं दुसरं लग्न होतं, मुलगी सात वर्षांची, समोरच्याचाही मुलगा तेवढाच. घरचं, पन्नास-साठ माणसांचं लग्न. अक्षतांनंतर सगळे बसतात तेव्हा हे गाणं लावायचं होतं, आणि त्या सात वर्षांच्या मुलीला त्यावर म्हणायचं होतं. ट्रॅक मिळेल का, आणि रेट काय? आणि एक विनंती: मधे पाऊस फार होतोय, तिथले शब्द कळत नाहीत, तेवढे मोकळे करून मिळतील का.

तिनं मला कॉन्फरन्सवर घेतलं होतं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. मी मनात तिची बाजू मांडायला सुरुवातही केली होती, मावशींचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, “लेकराला म्हणायचंय तर शब्द पाहिजेतच की. दादा, पाऊस काढा. हळदीच्या गाण्याचा जो रेट आहे तो लावा, निम्मे तुमचे. आणि त्या मधल्या ओळी कागदावर लिहून पाठवते, कुणाला माहीतच नाहीत.”

मी त्या रात्री दुसरी फाइल काढली. पाऊस शून्यावर, गळा वर, क्लिकही दिलं, कारण लेकराला त्याशिवाय जमणार नव्हतं. ढोलकीवाल्याला पुन्हा बोलावलं, त्यानं शेवटच्या चरणातही ठेका धरला आणि पैसे मोजून घेतले.